वीसपैकी सहा पेशी

बाबांच्या अस्थिमज्जेच्या तपासणीचा अहवाल आला तेव्हा त्याच्या पहिल्या दोन पानांवर घाबरण्यासारखे काहीच नव्हते, आणि तरीही तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या एका ओळीपाशी माझी नजर पुन्हा पुन्हा जाऊन थांबत राहिली. ‘४५,एक्स,-वाय [६] / ४६,एक्सवाय [१४]’ अशी ती ओळ होती. गेले काही महिने रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या थोडी कमी येत होती, त्यामुळे खबरदारी म्हणून कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेण्यात आला होता. प्रयोगशाळेने त्यातील २० पेशी निवडून त्यांची गुणसूत्रे जोडीजोडीने लावून पाहिली होती, आणि त्या २० पैकी ६ पेशींमध्ये ४६ ऐवजी ४५च गुणसूत्रे होती; बापाकडून मुलाला मिळणारे वाय गुणसूत्र त्यांत सापडले नव्हते. ते तुटलेले किंवा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले आढळले असते, तर किमान काय झाले हे सांगता आले असते. येथे त्याची जागाच रिकामी होती.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की वयस्कर पुरुषांच्या रक्तपेशींत असे आढळते, केवळ एवढ्यावरून कोणत्याही आजाराचे निदान करत नाहीत, आणि तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासू. बाबा ७८ वर्षांचे आहेत. बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून अहवाल डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, ती ओळ नेमकी कोणती हे मला बोट ठेवून दाखवायला लावले, आणि बऱ्याच वेळाने विचारले, “म्हणजे मी माझ्यातून थोडा थोडा निघून चाललो आहे का?” त्यांच्या स्वरात भीती नव्हती, हिशेब जुळत नसलेल्या माणसाचा तो स्वर होता. नमुना घेतलेल्या जागेवरच्या पट्टीवर त्यांचा हात होता, कपड्यांना जंतुनाशकाचा वास येत होता, आणि मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतरचा महिनाभर मी त्या प्रश्नाभोवतीच वाचत होते.

त्या ओळीने मला एवढे अस्वस्थ का करावे, याचे कारण बाबांच्या कपाटात आहे. तेथे एका कापडी पिशवीत त्यांनी स्वतः शाईने लिहिलेली वंशावळ घडी घालून ठेवलेली आहे. नऊ पिढ्यांची नावे, बापाकडून मुलाकडे उतरणाऱ्या रेघा, घडीवर कागद फाटू नये म्हणून मागून चिकटवलेल्या पट्ट्या, आणि उघडताच येणारा जुन्या कागदाचा किंचित आंबूस वास. लहानपणी मी सर्वांत वरच्या नावापासून बोट फिरवत खाली येत असे आणि दादाच्या नावापाशी थांबत असे, कारण त्याच्या पुढे रेघ नव्हती आणि त्याच्या शेजारी मी नव्हते. त्याचा मला तेव्हा राग येत असे असे म्हटले, तर ते खरे होणार नाही. मला तो कागद आवडत असे; एवढी माणसे एकामागून एक रांगेत उभी आहेत आणि रांगेच्या टोकाला आपले घर आहे, याचा एक उबदार आधार वाटत असे. राग पुष्कळ नंतर आला, आणि आला तोही बाबांवर आला नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाने लाळेचा नमुना पाठवून पितृवंशाची चाचणी करून घेतली. निकालात एक अक्षर होते, त्यापुढे अंकांची माळ होती, आणि जगाच्या नकाशावर आफ्रिकेतून निघून वळणे घेत आलेला एक लाल बाण होता. बाबांनी तो नकाशा छापून घेतला, वंशावळीच्या वरच्या कडेला लावून पाहिला आणि समाधानाने म्हणाले, “वरचा कागद सापडला.” मला ती चाचणी करताच आली नसती, कारण ज्या गुणसूत्रावर ती केली जाते ते माझ्याजवळ नाही, आपल्याच बापाच्या घराण्याची वाट विचारायची, तर मुलीला बापाच्या किंवा भावाच्या लाळेची याचना करावी लागते. नऊ पिढ्या आणि त्यांच्याही आधीच्या हजारो पिढ्या ज्या एका धाग्यात ओवल्या आहेत असे आम्ही मानत होतो, तो धागा आता बाबांच्या स्वतःच्या हाडांत विरत असल्याचे त्या ओळीने सांगितले होते.

वायला वंशाचा साक्षीदार मानतात त्यामागे साधी गोष्ट आहे. बाकीची गुणसूत्रे प्रत्येक पिढीत आपल्या जोडीदाराशी तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे आजोबांकडून आलेले काय आणि आजीकडून आलेले काय हे थोड्याच पिढ्यांत ओळखू येईनासे होते. वायला तसा जोडीदार नाही. टोकाचा छोटासा भाग सोडला तर तो बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा उतरतो, आणि त्यात पडणारा फरक केवळ नक्कल करताना झालेल्या चुकांचा असतो. या चुका मोजून काळ मोजता येतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चीनमधील एकाच घराण्यातील दोन पुरुषांच्या वायची तुलना करण्यात आली. सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका पूर्वजापासून निघालेल्या दोन फांद्यांच्या टोकांना ते होते, आणि त्यांच्यामध्ये १३ पिढ्यांचे अंतर होते. डीएनएच्या वाचता आलेल्या सुमारे एक कोटी अक्षरांत त्या १३ पिढ्यांच्या चुका भरल्या फक्त चार. या घराण्याकडे संशोधकांचे लक्ष आधी गेले होते ते वेगळ्याच कारणाने: त्यातील पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या बहिरेपण येत होते आणि ते वायबरोबरच उतरत होते. पुढच्या पिढीच्या कानांतून आवाज नाहीसा करणारे तेच गुणसूत्र साऱ्या मानवजातीच्या काळाचे माप ठरले, या योगायोगाशी मी बराच वेळ थबकले. त्या घरात कोणी वंशावळ लिहीत असेल, तर तिच्या प्रत्येक रेघेबरोबर एक शांतताही खाली उतरत असेल.

अशा चुकांच्या खुणा धरून मागे गेले की आजच्या सर्व पुरुषांचे वाय एका पुरुषापाशी येऊन मिळतात. आफ्रिकेतील कॅमेरूनमधल्या काही पुरुषांत सापडलेली, सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा हिशेबात धरली, तर तो साधारण दोन ते तीन लाख वर्षांपूर्वी होऊन गेला असे मानले जाते. तो त्या काळचा एकमेव पुरुष नव्हता. इतरांच्या रेषा केव्हा ना केव्हा खंडित झाल्या. कुणाला मुलेच झाली नाहीत, कुणाला मुलीच झाल्या. ज्याला मुलीच झाल्या त्याचे बाकी सर्व काही आजही आपल्यात वाहत असेल, केवळ त्याचा वाय नाही. दादाला स्वतःला दोन मुली आहेत. त्या लाल बाणाकडे पाहताना हे आम्हा सर्वांच्या मनात आले असणार, पण बोलले कोणी नाही.

दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात, आणि त्यांपैकी वाय फक्त एकाच जागेविषयी बोलतो. बाकीच्या १,०२३ जागांबद्दल तो मुका आहे. त्या एका जागेबद्दलही कागद आणि रक्त यांचे म्हणणे नेहमी जुळतेच असे नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर येथील एका वाहनतळाखाली सापडला, आणि २०१४ साली त्याच्या डीएनएची तुलना आजच्या नातलगांशी केली गेली. आईकडून लेकीकडे उतरणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची साक्ष शतके ओलांडून जुळली. पितृवंशाच्या बाजूने मात्र ज्यांची वंशावळ राजघराण्याच्या कागदपत्रांत काटेकोरपणे नोंदलेली होती, अशा पाच पुरुषांपैकी एकाचाही वाय राजाच्या वायशी जुळला नाही. आणि त्या पाचांतील एकाचा तर उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. मधल्या पिढ्यांत कोठेतरी, निदान दोन ठिकाणी, कागदावर लिहिलेला बाप आणि जन्मदाता वेगळे होते. नावे मुलांची होती, मुले त्याच घरांत वाढली होती, वारसा त्यांनीच चालवला होता. हे वाचल्यावर माझ्या मनात प्रथम आली ती त्या साखळीतील एखादी स्त्री, जिला हे ठाऊक होते आणि जी ते कोणालाही न सांगता गेली.

वायच्या नोंदींत याहूनही मोठी एक जखम आहे. जगभरातील ४५६ पुरुषांच्या वायचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की काही हजार वर्षांपूर्वी, शेती स्थिरावल्यानंतरच्या काळात, जगाच्या अनेक भागांत पुरुषरेषांची विविधता विलक्षण आकसली होती, आणि स्त्रियांच्या रेषांत मात्र तशी घट नव्हती. २०१८ साली मांडल्या गेलेल्या एका स्पष्टीकरणाने मला झोप लागू दिली नाही. त्यानुसार यासाठी पुरुषांची संख्या कमालीची घटलेली असण्याची गरज नाही. बापाच्या रेषेने बांधलेली कुळे एकमेकांशी झगडत राहिली, एवढे पुरते. अशा कुळातील सर्व पुरुषांचा वाय जवळजवळ एकच असतो, त्यामुळे एक कूळ पुसले गेले की एक संपूर्ण रेषा मिटते. स्त्रिया मात्र निरनिराळ्या कुळांतून आलेल्या असतात, म्हणून त्यांच्या रेषा इतरत्र टिकून राहतात. हे पटले, तर एकसारखेपणाचा जो अभिमान कुळे बाळगतात, तोच त्यांच्या रेषांच्या नाशाला कारण झाला. बाबांच्या वंशावळीतील रेघांमध्ये कागदाचा पुष्कळ भाग कोरा आहे. लहानपणी मला वाटे की ती जागा पुढे जन्मणाऱ्यांसाठी सोडलेली आहे.

शाळेत आम्हाला वायविषयी जे शिकवले गेले ते दोन वाक्यांत संपत असे: हा मुलगा ठरवतो, आणि कानांवरचे केस याच्यामुळे येतात. आजोबांच्या कानांच्या कडांवर राठ, पांढरे केस होते. त्यांच्या मांडीवर बसून मी ते बोटांनी ओढत असे आणि ते हसून मान झटकत. बाबांच्या कानांवरही ते आहेत. पाठ्यपुस्तकातला नियम मला घरातच सिद्ध झालेला दिसत होता, म्हणून तो माझ्या मनात पक्का बसला. २००४ साली दक्षिण भारतातील पुरुषांचे वाय तपासून हा गुण वायशी जोडलेला असल्याचा पुरावा नाही असे दाखवले गेले, हे मला या महिन्यात कळले, आणि आपले काहीतरी कोणी उचलून नेल्यासारखे मला क्षणभर वाटले.

पुष्कळ काळ वाय ही जनुकांची ओसाड जमीन समजली जात होती. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी एक्स आणि वाय हे एका साध्या जोडीचे समान भागीदार होते. पुढे वायने आपली बहुतेक जनुके गमावली, आणि तो असाच झिजत संपेल असे भाकीतही केले गेले. ऱ्हीसस माकडाच्या वायशी तुलना केल्यावर २०१२ साली दिसले की आपल्या आणि त्याच्या वाटा वेगळ्या होऊन अडीच कोटी वर्षे लोटली, तरी वायच्या जुन्या भागांतून माणसाने या काळात एकही मूळ जनुक गमावलेले नाही. जे उरले आहे ते हट्टाने उरले आहे. त्याची तऱ्हाही विलक्षण आहे: जोडीदार नसल्याने वायने आपल्याच अंगावर उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या लांबच लांब ओळी तयार केल्या, आणि एका बाजूला बिघाड झाला की दुसरी बाजू पाहून तो दुरुस्त करतो. पण या दुरुस्तीचीच किंमत काही पुरुष मोजतात. सारख्या ओळी चुकून एकमेकींशी जोडल्या गेल्या की मधला तुकडा गळून पडतो, आणि त्यात शुक्राणू घडवणारी जनुके असली तर मूल होत नाही. १९७६ साली इटलीतील टिएपोलो आणि झुफार्डी यांनी अशा सहा पुरुषांची नोंद केली. आज प्रयोगशाळेत एकच शुक्राणू अंड्यात सोडून यांतील काही पुरुषांना बाप होता येते, आणि मुलगा झाला तर तीच रिकामी जागा त्याच्याकडे जाते. वायची ही सर्व गुंतागुंत अखंड वाचली गेली ती थेट २०२३ साली: ६,२४,६०,०२९ अक्षरे. त्याच वेळी ४३ पुरुषांचे वाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा सर्वांत लहान साडेचार कोटी अक्षरांचा आणि सर्वांत मोठा जवळजवळ साडेआठ कोटींचा निघाला. ‘जसाच्या तसा उतरतो’ असे मी वर म्हटले, ते मला आता किंचित संकोचाने म्हणावे लागते.

आता बाबांच्या सहा पेशींकडे. मज्जेतील मूळपेशी आयुष्यभर विभागत राहतात, आणि एखाद्या विभागणीत वाय मागे राहून जातो. रक्ताची पेशी त्यावाचून जगू शकते, इतकेच नव्हे तर कधी कधी शेजारणींपेक्षा जोमाने वाढते, आणि मग वाय नसलेल्या पेशींची वस्ती वर्षानुवर्षे पसरत जाते. याच्या पहिल्या खुणा १९६३ सालीच नोंदल्या गेल्या होत्या, पण म्हातारपणाची एक निरुपद्रवी खूण म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले. २०१४ साली स्वीडनमधील लार्स फोर्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक वृद्ध पुरुषांच्या रक्ताचा अभ्यास मांडला, तेव्हा चित्र बदलले. ज्यांच्या रक्तपेशींतून वाय मोठ्या प्रमाणात गेला होता त्यांचे आयुष्य इतरांपेक्षा सुमारे ५.५ वर्षांनी कमी भरत होते आणि त्यांच्यात कर्करोगाने होणारे मृत्यूही अधिक होते. ब्रिटनमधील २,०५,०११ पुरुषांच्या २०१९ च्या अभ्यासात पाचांपैकी एकात ही गळती आढळली, आणि सत्तरीच्या आसपास हेच प्रमाण पाचांत दोन होते. तो आकडा वाचला त्या संध्याकाळी बाबांबरोबर फिरायला जाणाऱ्या त्यांच्या समवयस्क मित्रांकडे मी पाहत राहिले. आपल्या रक्तातून काय जात आहे याची त्यांच्यापैकी कोणालाही कल्पना नसेल, आणि कदाचित ती असण्याची गरजही नसेल.

आकडे जोडीने चालतात म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, असे मी स्वतःला समजावत होते. परंतु २०२२ साली उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला आहे, ज्यात केवळ मज्जेतील पेशींमधून वाय काढून टाकण्यात आला. त्या पेशींपासून घडलेल्या रक्षक पेशी हृदयात शिरून तेथे चिवट तंतू वाढवू लागल्या, हृदय ताठर झाले आणि ते उंदीर लवकर मेले. तंतू वाढवणारा संदेश औषधाने अडवला तेव्हा हृदयाचे काम काहीसे सुधारले, हेही त्यात आहे, आणि मी ते वाक्य दोनदा वाचले. २०२३ साली मूत्राशयाच्या कर्करोगाविषयी आलेले संशोधन आणखी चक्रावणारे आहे: वाय गमावलेली गाठ शरीराच्या रक्षक पेशींना थकवते आणि अधिक आक्रमक होते, पण त्याच कारणाने रक्षकांना पुन्हा जागे करणाऱ्या औषधांना ती अधिक चांगला प्रतिसाद देते. ज्याला ओसाड म्हटले होते, त्याच्या जाण्याने एवढे हलते.

धूम्रपानाविषयीचे संशोधन मी बाबांपासून काही दिवस लपवून ठेवले. २०१५ साली दिसून आले की धूम्रपान करणाऱ्यांत वायची गळती बरीच अधिक असते, ओढण्याचे प्रमाण वाढले की तीही वाढते, आणि सोडलेल्यांत ती कमी आढळते. बाबांनी तीस वर्षांपूर्वी सिगारेट सोडली. त्याआधीच्या वर्षांत त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला येणारा धुराचा वास मला आजही आठवतो. तापात मी त्याच बाहीत तोंड खुपसून झोपले आहे आणि तो वास मला सुरक्षिततेचा वाटलेला आहे. हे सर्व त्यांच्यापुढे दोष म्हणून कसे मांडायचे, हे मला कळेना. शेवटी सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, “सोडली ते बरे केले म्हणायचे.”

या वाचनात एक गोष्ट माझ्या लक्षात येत राहिली. १९०५ साली पिठातील किड्यांच्या पेशी पाहताना ज्यांना नरांमध्ये एक छोटेसे वेगळे गुणसूत्र दिसले आणि नर-मादी त्यावरून ठरते हे ज्यांनी ओळखले, त्या नेटी स्टीव्हन्स होत्या. १९६३ साली पुरुषांच्या वयाबरोबर ते गळू लागते हे नोंदवणाऱ्या गटात अग्रणी होत्या पॅट्रिशिया जेकब्स. जे गुणसूत्र त्यांच्या स्वतःच्या शरीरात असायचे कारण नव्हते, त्याच्याकडे त्यांनी इतक्या बारकाईने पाहिले. मग मी पुन्हा त्या ओळीकडे वळले, आणि तीत काय नाही याऐवजी काय आहे ते प्रथमच वाचले. ४५, एक्स.

पुरुषाचा एक्स त्याच्या आईकडूनच येतो. दुसरा मार्ग नाही. बाबांचा एक्स आजीचा आहे, तिच्या दोन एक्सच्या तुकड्यांतून विणलेला. आणि बाप जेव्हा मुलीला आपला एक्स देतो, तेव्हा त्याची अदलाबदल करायला त्याच्याजवळ दुसरा एक्स नसतो, म्हणून तो जवळजवळ अखंड देतो. केवळ टोकाच्या २७ लाखांच्या आसपास अक्षरांत एक्स आणि वाय एकमेकांशी देवाणघेवाण करतात, त्यामुळे माझ्या त्या एक्सच्या टोकावर आजोबांच्या वायचा एखादा तुकडाही कदाचित असेल. बाकी सर्व आजीचे. १९६१ साली मेरी लायन यांनी मांडले त्याप्रमाणे माझ्या साधारण निम्म्या पेशींत तो जागा असतो आणि उरलेल्यांत निजलेला. बाबांच्या त्या सहा पेशींतून नऊ पिढ्यांची रेषा निघून गेली, आणि जो मागे उरला आहे तोच मला मिळालेला आहे.

हे मी बाबांना सांगितले ते रक्ताच्या दुसऱ्या तपासणीच्या आदल्या रात्री. एका कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या, एक लांब आणि एक आखूड. त्यांनी आखूड रेघेवर बोट ठेवले, मग ते उचलून लांब रेघेवर ठेवले.

“म्हणजे त्या सहांत राहिली आहे ती आई?”

मी होकार दिला.

“आणि तुझ्यात आहे तीही?”

“तीच, बाबा.”

त्यांनी पिशवीतून वंशावळ काढली, पण उघडली नाही. घडी गुडघ्यावर ठेवून ते बसून राहिले. मग त्यांनी आजीचे नाव उच्चारले, जे मला ठाऊक होते, आणि आजीच्या आईचे नाव उच्चारले, जे मी त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते. तिच्या आईचे नाव आठवण्याचा त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. डोळे मिटून, ओठ हलवत, दोन-तीन नावे तोंडाशी आणून त्यांनी ती परत घेतली. दिवा मालवायला मी उठले तेव्हाही ते आठवतच होते.